कळशी तीच, फेऱ्या जास्त : गाडीच्या इंजिनाची ताकद वाढते तरी कशी?

इयत्ता : ६ वी ते ८ वी
विषय : विज्ञान आणि गणित (एकत्रित पाठ)



आपल्या वर्गातल्या मुलांना गाड्यांचे आकडे शिकवावे लागत नाहीत. कुठली गाडी किती सीसीची, कुणाला किती गिअर, कुणाचा टॉप स्पीड किती, हे सगळं त्यांना पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ असतं. त्याच मुलांसमोर वृत्तचितीच्या घनफळाचं उदाहरण ठेवलं की मात्र वर्ग गप्प होतो. खरं तर सीसी म्हणजे वृत्तचितीचं घनफळच! म्हणून घनफळ, वर्तुळाचं क्षेत्रफळ, समचलन आणि हवेचा दाब हे चार घटक मी एकाच प्रश्नाभोवती घेतले : साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद वाढवायची असेल तर नेमकं काय करावं लागतं?

या पाठाचं दुसरं कारण पालकसभेतलं आहे. एका वडिलांनी विचारलं, "मॅडम, मोठा पोरगा म्हणतो सायलेन्सर बदलला, फिल्टर काढला की गाडीची ताकद वाढते. खरंय का? मला काही उत्तर देता येईना." नुसतं 'नको करूस' म्हणून पंधरा-सोळा वर्षांचं पोर ऐकत नाही. त्याच्याकडे मोबाईलवरचे दहा व्हिडिओ असतात आणि आपल्याकडे फक्त एक 'नको'. त्यापेक्षा इंजिन ताकद कुठून आणतं हे त्याला समजलं, तर काय केल्याने किती वाढतं आणि त्याची किंमत काय पडते, हे ते स्वतःच मोजू शकतं.

या पाठात फक्त टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाचा विचार केला आहे. अशा इंजिनाला 'नॅचरली ॲस्पिरेटेड' म्हणतात. म्हणजे बाहेरच्या पंपाची मदत न घेता स्वतःचा श्वास स्वतः घेणारं इंजिन. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकली, स्कूटर आणि अनेक लहान मोटारी याच प्रकारात येतात.

१. इंजिन हवा ओढतं की हवा आत ढकलली जाते?

चार टप्पे फळ्यावर लिहून घ्या : हवा-पेट्रोल आत घेणे, दाबणे, पेटवणे, धूर बाहेर टाकणे. या चार टप्प्यांत पिस्टन दोनदा खाली आणि दोनदा वर जातो. म्हणजे क्रँकशाफ्टचे दोन फेरे पूर्ण होतात, तेव्हा एका सिलिंडरमध्ये एकदाच हवा भरली जाते. हा मुद्दा पक्का करून घ्या, पुढच्या गणिताला लागतो.

पिस्टन खाली जातो तेव्हा सिलिंडरमधला दाब कमी होतो आणि बाहेरचं वातावरण हवेला आत ढकलतं. स्ट्रॉने ताक पिताना जे होतं तेच इथे होतं. यातूनच या इंजिनाची मर्यादा ठरते. आत ढकलणारं बळ वातावरणाच्या दाबाएवढंच असतं. टर्बोच्या गाडीत एक पंखा हवा दाबून भरतो, म्हणून तिथे जास्त हवा कोंबता येते. साध्या इंजिनाला आभाळ देईल तेवढ्यावर भागवावं लागतं.

भूगोलाची जोड इथे सहज मिळते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे, तिथे दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्केच उरतो. त्यामुळे साध्या इंजिनाची गाडी घाट चढताना 'दमते', त्यात चढाचा वाटा असतोच, पण विरळ हवेचाही असतो.

आणि हवा का हवी? तर पेट्रोल जाळायला. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त सोडणं सोपं आहे, पण हवा नसेल तर ते न जळता धुरातून निघून जातं. त्यामुळे ताकद वाढवणं म्हणजे मुळात जास्त हवा जाळणं.

२. एका मिनिटाची हवा

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. भारताच्या रस्त्यांवर १९८३ साली आलेली आणि २०१४ पर्यंत तयार होत राहिलेली मारुती ८०० मुलांच्या आजी-आजोबांनाही माहीत असते. तिला ३ सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर.

त्रिज्या = ३.४२५ सेंमी
वर्तुळाचं क्षेत्रफळ = ३.१४ × ३.४२५ × ३.४२५ = सुमारे ३६.८ चौसेंमी
एका सिलिंडरचं घनफळ = ३६.८ × ७.२ = सुमारे २६५ घनसेंमी
तीन सिलिंडरचं = सुमारे ७९६ घनसेंमी

गाडीच्या कागदावरही ७९६ सीसीच लिहिलेलं असतं. हे उत्तर जुळतं तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

समजा इंजिन मिनिटाला ५००० फेरे फिरतंय. दोन फेऱ्यांत एकदा हवा, म्हणजे मिनिटाला २५०० वेळा. २५०० × ०.७९६ = १९९० लिटर. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या पाण्याच्या दोन टाक्यांएवढी हवा हे छोटंसं इंजिन एका मिनिटात गिळू शकतं, अर्थात सिलिंडर दरवेळी पूर्ण भरला तर. खरी मेख त्या 'तर'मध्येच आहे. पिस्टनची धाव खालपर्यंत यायला सेकंदाचा फक्त हजारांश भागांत मोजावा असा वेळ मिळतो, आणि तेवढ्यात फिल्टर, नळी, व्हॉल्व्ह अशी चिंचोळी वाट पार करून हवेला आत पोचायचं असतं.

३. टॉर्क आणि पॉवर : कळशीचं उदाहरण

हे दोन शब्द मोठी माणसंही एकमेकांत मिसळतात. मी वर्गात विहिरीवरून पाणी आणण्याचं उदाहरण देते.

एका खेपेला कळशीतून जेवढं पाणी येतं, तो टॉर्क.
मिनिटाला जेवढ्या खेपा होतात, ते इंजिनाचे फेरे (आरपीएम).
मिनिटाला घरी जेवढं पाणी येतं, ती पॉवर.

घरात जास्त पाणी आणायचे मार्ग तीनच. मोठी कळशी घ्यायची (जास्त सीसीचं इंजिन), आहे ती कळशी काठोकाठ भरायची, किंवा खेपा वाढवायच्या. पण कळशी घेऊन पळायला लागलं की पाणी हिंदकळतं, सांडतं. चालताना भरलेली कळशी पळताना अर्धी होते. इंजिनाचंही असंच आहे. फेरे वाढले की सिलिंडर भरायला वेळ कमी मिळतो आणि प्रत्येक खेपेतली हवा कमी होते. एका मर्यादेनंतर खेपा वाढवूनही घरी येणारं पाणी वाढत नाही, उलट घटतं. तो बिंदू म्हणजेच त्या इंजिनाची कमाल पॉवर.

साधं इंजिन ट्यून करणं म्हणजे, थोडक्यात, कळशी न सांडता जास्त वेगाने खेपा घालायला शिकवणं.

४. मारुती ८०० आणि अल्टो : समचलनाचं जिवंत उदाहरण

आता या पाठातला माझा सगळ्यात आवडता भाग. २००० साली आलेल्या अल्टोमध्येही ७९६ सीसीचंच, ३ सिलिंडरचं इंजिन होतं. व्यास तोच, धाव तीच. फरक असा की मारुती ८००च्या नेहमीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला २ व्हॉल्व्ह होते, एकूण ६. अल्टोच्या इंजिनात प्रत्येकी ४, एकूण १२. दोन्हींचे आकडे असे :

मारुती ८०० (इंजेक्शनचं मॉडेल) : ३७ अश्वशक्ती, ५००० फेऱ्यांना. कमाल टॉर्क ५९ न्यूटन-मीटर.
अल्टो : ४६ अश्वशक्ती, ६२०० फेऱ्यांना. कमाल टॉर्क ६२ न्यूटन-मीटर.

मुलांना आधी फक्त निरीक्षण करू द्या. टॉर्क किती वाढला? ५९ वरून ६२, म्हणजे जेमतेम ५ टक्के. पॉवर? ३७ वरून ४६, म्हणजे २४ टक्के. मग ही जादाची ताकद आली कुठून? आता भागाकार करायला सांगा.

३७ ÷ ५००० = ०.००७४
४६ ÷ ६२०० = ०.००७४

गुणोत्तर तेच! पॉवर आणि फेरे अगदी समचलनात आहेत. याचा अर्थ, कमाल ताकदीच्या क्षणी दोन्ही इंजिनं प्रत्येक फेऱ्याला सारखंच काम करतात. कळशीत पाणी तेवढंच आहे. पण मारुती ८००ची कळशी ५००० फेऱ्यांपर्यंत जेवढी भरलेली राहायची, तेवढीच अल्टोची ६२०० फेऱ्यांपर्यंत भरलेली राहते. सगळी वाढ खेपांमधून आली.

चलनाच्या घटकात आपण 'वह्या आणि त्यांची किंमत' हे उदाहरण वर्षानुवर्षं देत आलो आहोत. ते असू द्याच, पण एकदा हेही देऊन बघा.

५. चार व्हॉल्व्हनी काय साधलं? कंपासपेटी काढा

कृती १ : कागदावर ७ सेंमी व्यासाचं वर्तुळ काढा (सिलिंडरचा व्यास जवळपास एवढाच आहे). त्यात एकमेकांना खेटून बसणारी दोन समान वर्तुळं काढा. प्रत्येकाचा व्यास ३.५ सेंमी येईल. दुसऱ्या तशाच वर्तुळात चार समान वर्तुळं बसवा. प्रत्येकाचा व्यास सुमारे २.९ सेंमी येतो. आता क्षेत्रफळं काढा.

मोठं वर्तुळ : सुमारे ३८.५ चौसेंमी
दोन वर्तुळं मिळून : सुमारे १९.२ चौसेंमी (निम्मी जागा)
चार वर्तुळं मिळून : सुमारे २६.४ चौसेंमी (सुमारे ६९ टक्के जागा)

गोल ताटात दोन वाट्यांऐवजी चार लहान वाट्या ठेवल्या तर जास्त जागा वापरली जाते, ते हेच. खऱ्या इंजिनात मध्ये स्पार्क प्लगला जागा लागते, व्हॉल्व्ह एकमेकांना खेटवता येत नाहीत, त्यामुळे आकडे इतके नेमके येत नाहीत. पण दिशा हीच. दरवाजा रुंद झाला. शिवाय लहान व्हॉल्व्ह वजनाला हलका, त्यामुळे स्प्रिंग त्याला जास्त वेगातही वेळेवर बंद करू शकते.

कृती २ : सुई नसलेल्या दोन सारख्या सिरिंज घ्या. एकीचं चिंचोळं टोक शिक्षकांनी आधीच कापून तोंड मोठं करून ठेवावं. दांडा सावकाश ओढला तर दोन्ही सारख्याच सहज भरतात. आता झटक्यात ओढायला सांगा. चिंचोळ्या तोंडाची सिरिंज हाताला विरोध करते, मोठ्या तोंडाची करत नाही. सावकाश चालताना दरवाजा लहान असला तरी चालतं, पळताना मात्र तो आडवा येतो, हे मुलांना हातानेच कळतं. वर्गात शांतता हवी असेल तर हा प्रयोग शेवटच्या तासाला ठेवू नका, एवढी सूचना!

६. इंजिन ट्यून करणारे प्रत्यक्षात काय करतात?

आता वरची सूत्रं गॅरेजमध्ये लावून पाहू.

आधी तब्येत : चांगला मेस्त्री पहिल्या दिवशी कोणताही नवा भाग बसवत नाही. एअर फिल्टर स्वच्छ आहे का, स्पार्क प्लग ठीक आहेत का, व्हॉल्व्हची फट बरोबर आहे का, प्रत्येक सिलिंडर पुरेसा दाब धरतो का, हे तो तपासतो. ब्रेक आणि टायरही. जुन्या इंजिनाची हरवलेली ताकद परत मिळवणं ही सगळ्यात स्वस्त 'वाढ' असते.

थंड हवा : हवा तापली की पसरते, त्यामुळे त्याच घनफळात कमी हवा मावते. ३० अंशांऐवजी ६० अंशांची हवा आत गेली तर सुमारे ९ टक्के कमी हवा मिळते. बॉनेटखाली उघडा बसवलेला शंकूसारखा फिल्टर आवाज छान काढतो, पण इंजिनाजवळची गरम हवा ओढत असेल तर नफ्याऐवजी तोटा होतो. फिल्टर काढूनच टाकला तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या रिंगा घासून टाकते.

हेडमधली वाट : हवा ज्या बोगद्यांतून जाते ते घासून, वळणं सौम्य करून, व्हॉल्व्हची बैठक नीट करून घेतात. हे अनुभवी हाताचं काम आहे. बोगदा वाट्टेल तसा मोठा केला तर हवेचा वेग पडतो आणि कमी फेऱ्यांना गाडी मरगळते.

कॅमशाफ्ट : व्हॉल्व्ह किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा हे कॅमशाफ्ट ठरवतो. तो जास्त वेळ उघडा ठेवला तर जोरात पळताना कळशी चांगली भरते. पण सावकाश चालताना आत आलेली हवाच थोडी परत जाते, इंजिन उभ्या जागी थरथरतं आणि गावातल्या वेगाला ओढ कमी होते. वरची ताकद खालून उसनी घेतलेली असते. होंडाने या अडचणीवर व्हीटेक नावाचा तोडगा काढला : कमी फेऱ्यांना एक कॅम, जास्त फेऱ्यांना दुसरा. १९९९ साली आलेल्या होंडा एस २००० या गाडीच्या १९९७ सीसीच्या इंजिनातून जपानमध्ये २५० अश्वशक्ती मिळायची, तीही टर्बोशिवाय, ८३०० फेऱ्यांना. लिटरला १२५! आपली मारुती ८०० लिटरला सुमारे ४६. होंडाने दोन्ही गोष्टी साधल्या. कळशी काठोकाठ भरली आणि खेपाही वाढवल्या. पण त्यासाठी पिस्टन, रॉड, व्हॉल्व्ह, स्प्रिंग सगळं त्या वेगासाठीच घडवलेलं होतं.

कॉम्प्रेशन : मिश्रण जास्त दाबून पेटवलं तर त्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळतं. आपल्या २६५ घनसेंमीच्या सिलिंडरमध्ये दाबाचं प्रमाण ९ : १ आहे असं समजू. मग वर उरणारी जागा २६५ ÷ ८ = सुमारे ३३.१ घनसेंमी. प्रमाण १० : १ करायचं तर २६५ ÷ ९ = सुमारे २९.४. म्हणजे ३.७ घनसेंमी जागा कमी करायची. ती सिलिंडरच्या ३६.८ चौसेंमी क्षेत्रफळावर पसरली तर जाडी येते फक्त १ मिलिमीटर! एवढ्याशा फरकाने सैद्धांतिक फायदा सुमारे ३ टक्के मिळतो. पण पेट्रोल त्या दाबाला टिकलं नाही तर ते ठिणगीच्या मागोमाग आपोआप भडकतं, यालाच इंजिन 'नॉक करणं' म्हणतात. ते चालूच राहिलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. ३ टक्क्यांसाठी केवढी जोखीम, हे मुलांनाच ठरवू द्या.

संगणकातले बदल : टर्बो गाडीत संगणकाला सांगून हवेचा दाबच वाढवता येतो. साध्या इंजिनात ती सोय नाही. ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचं प्रमाण नीट जुळवता येतं, पण नुसत्या त्याने फायदा थोडाच. बाकीचे बदल केल्यावर मात्र ही जुळवणी करावीच लागते.

आणि मोजमाप : प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर डायनो नावाच्या यंत्रावर ताकद मोजायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आपण विज्ञानात 'बाकी सगळं तेच ठेवून एकच घटक बदला' असं शिकवतो, ते इथे जसंच्या तसं लागू पडतं. 'मला तरी जास्त पळतेय असं वाटतंय' हा पुरावा नव्हे.

७. वाढलेल्या फेऱ्यांची किंमत

दोरीला चेंडू बांधून (किंवा मोज्यात घालून) मैदानावर गरगर फिरवा. वेग वाढला की हाताला बसणारी ओढ त्याहून कितीतरी जास्त वाढते. वेग दुप्पट, तर ओढ चौपट. इंजिनात पिस्टन मिनिटाला हजारो वेळा थांबून उलट फिरतो आणि त्याला ओढून धरतो तो कनेक्टिंग रॉड. त्याच्यावरचा ताणही फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

६२०० ÷ ५००० = १.२४
१.२४ × १.२४ = सुमारे १.५४

ताकद २४ टक्के वाढली, पण त्यासाठी रॉडवरचा ताण ५४ टक्के वाढला. कंपनी हे गृहीत धरून भाग बनवते आणि फेऱ्यांना मर्यादा घालते. ती मर्यादा काढून जुनं इंजिन पिळलं, तर एखाद्या दिवशी रॉड तुटून इंजिनाच्या भिंतीतून बाहेर येतो. गणितात आपण 'वर्ग' शिकवतो, पण वर्ग माणसाच्या जिवाशी कसा येऊन भिडतो हे सहसा दाखवत नाही. ब्रेकचंही तेच. वेग दीडपट झाला तर थांबायला लागणारं अंतर (ब्रेक लागल्यापासूनचं) सव्वादोनपट होतं. इंजिनाची ताकद वाढवणारे पुष्कळ, ब्रेक आणि टायर वाढवणारे थोडे.

८. पालकांच्या प्रश्नाचं उत्तर : सायलेन्सर

आता पालकसभेतल्या त्या प्रश्नाकडे येऊ. सायलेन्सर काढला तर ताकद वाढते का? शाळेच्या सभागृहाचं उदाहरण घ्या. आत यायला एक फळीचा दरवाजा आहे. बाहेर जायचा दरवाजा तोडून दुप्पट केला, तर मिनिटाला सभागृहातून जाणारी मुलं दुप्पट होतील का? आत येतील तेवढीच बाहेर जातील. फिल्टर, बोगदे, व्हॉल्व्ह, कॅम सगळं तसंच ठेवून फक्त शेवटचं टोक मोकळं केलं तर वरच्या फेऱ्यांना मिळालाच तर किरकोळ फायदा मिळतो. धुराची नळी कंपनीने लांबी-रुंदी मोजून जुळवलेली असते, ती बिघडली की रोजच्या वेगातली ओढ कमीही होऊ शकते. वाढतो तो आवाज, आणि कानाला आवाज म्हणजेच ताकद वाटते. हे गणित झाल्यावर आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मॅडम, दादाची गाडी नुसती ओरडते!" मी त्यावर काही बोलले नाही. तो घरी जाऊन सांगेल ते माझ्यापेक्षा जास्त लागू पडेल.

पालकांनी दोन कायदेशीर गोष्टीही लक्षात ठेवाव्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला कंपनीने दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९ अ नुसार, अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. २५,००० रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, अशी तरतूद आहे. हे मुलांना धाक म्हणून सांगू नका, माहिती म्हणून सांगा.

पण इथेच थांबू नका. ज्या मुलाला सायलेन्सरमध्ये रस आहे, त्याला इंजिनातही रस आहे, आणि ही कुतूहलाची ठिणगी विझवणं हे आपलं काम नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. वाहनांच्या चाचण्या घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आपल्या पुण्यातच १९६६ पासून काम करते. वेगाचीच हौस असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवेला बंदिस्त धावपट्ट्या आहेत. तिथे हेल्मेट, नियम, डॉक्टर सगळ्यांसह शर्यती होतात. गावातला रस्ता ही ती जागा नव्हे, त्या रस्त्यावरून आपली पहिलीतली मुलं शाळेत येतात.

स्वाध्याय

१. होंडा एस २००० च्या सिलिंडरचा व्यास ८७ मिमी, धाव ८४ मिमी आणि सिलिंडर ४ आहेत. इंजिनाचं घनफळ काढा.
२. ७९६ सीसीचं इंजिन ६२०० फेऱ्यांना मिनिटाला जास्तीत जास्त किती लिटर हवा घेईल?
३. पिस्टनची धाव ७२ मिमी आहे. ६२०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला किती मीटर? (सूचना : एका फेऱ्यात पिस्टन दोन धावा करतो.)
४. फेरे ५००० वरून ७५०० केले, तर रॉडवरचा ताण किती पट होईल?
५. चर्चा करा : लेहमध्ये टर्बोच्या गाडीला साध्या इंजिनाच्या गाडीपेक्षा कमी त्रास का होतो?
६. घरी करा : मोठ्यांच्या मदतीने आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतून कमाल पॉवर आणि फेरे शोधा. पॉवर ÷ फेरे हे गुणोत्तर काढून वर्गात तक्ता बनवा.

उत्तरे : १) ३.१४ घेतल्यास सुमारे १९९६ घनसेंमी (कंपनीचा आकडा १९९७). २) सुमारे २४६८ लिटर. ३) १४.८८ मीटर. ४) २.२५ पट.

सहाव्या प्रश्नाचा तक्ता जरूर करून घ्या. वेगवेगळ्या सीसीच्या गाड्यांचं गुणोत्तर वेगळं येतं, आणि ते का, हे मुलं तोवर तुम्हाला सांगू लागतात : "मॅडम, तिची कळशीच मोठी आहे!" आपल्या वर्गात हा पाठ घेतलात तर तुमच्या मुलांनी विचारलेले प्रश्न मला नक्की कळवा. पुढच्या पाठात ते घेऊ.